रोवणीनंतरचा पीळ

श्रावणात ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे धानाची रोवणी संपत आली की घरोघरी एकच तक्रार असते : ‘कंबर धरली जी.’ बांधीच्या चिखलात दिवसभर ओणवं राहायचं. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताने रोवत मागे सरकायचं. वाकणं तर आहेच, शिवाय अंग सतत एकाच बाजूला वळलेलं. उन्हाळ्यातली तेंदूपत्त्याची तोडही वाकूनच. 70 पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे. या दुखण्याची दखल गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेनेही घेतली. शोधग्रामात मणक्याच्या तज्ज्ञांची शिबिरं होतात.

अशा थकलेल्या पाठीला सालंब, म्हणजे आधार घेऊन केलेलं, भारद्वाजासन मानवतं. आधार घेऊन आसनं करण्याची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात रुजवली. गावातल्या समाजमंदिरात आसनं शिकवताना लोड नसतो, तिथे गोधडीची घट्ट वळकटी चालते. वळकटीच्या टोकाला उजवा कुल्ला टेकवून बसायचं, गुडघे दुमडून पावलं डावीकडे घ्यायची. दोन्ही तळहात वळकटीच्या दोन बाजूंना. श्वास घेत पाठ उंच करायची, सोडत पोट-छाती वळकटीकडे फिरवायची आणि हळूहळू तिच्यावर पालथं टेकायचं. गाल गुडघ्यांच्या दिशेला ठेवला तर मानेला ताण नाही.

नवखी बाई इथे हातांनी जोर लावते. खांदा फिरतो, मान त्याहून जास्त फिरते आणि श्वास अडकतो. शिकवणारी ताई तिच्या पाठीवर नुसता हात ठेवते, ‘इथे श्वास येऊ द्या.’ थोड्या वेळाने वरच्या बाजूच्या बरगड्या उघडमीट करू लागतात, कोपर सैलावून जमिनीला लागतं. कंबरेच्या मणक्यांना फिरायला मुळात जागा थोडी. पीळ पडतो तो बरगड्यांना जोडलेल्या मणक्यांत. म्हणूनच इथे जोर कामाचा नाही. दोनतीन मिनिटांनी हातांच्या आधाराने उठायचं, मग दुसरी बाजू तितकाच वेळ. कामाने एकीकडेच वळलेल्या अंगाला ही बरोबरी हवीच.

पायात मुंग्या येत असतील, कळ खाली उतरत असेल तर आसन नको, आधी डॉक्टर. गरोदर बाईनेही पोटावर दाब येणारा हा प्रकार टाळावा. बाकीच्यांनी जेवणाआधी करावा. रोवणीचे कष्ट त्याने कमी होणार नाहीत. पण उद्या पुन्हा बांधीत उतरायचं असेल, तर आज पाठीला एवढी सुट्टी द्यायलाच हवी.