मुंबई, बंगळुरू आणि आपण : यू मुंबाचा २०१५चा हंगाम

२३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय संकुलात प्रो कबड्डी लीगच्या दुसऱ्या हंगामाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला यू मुंबा, दुसऱ्या बाजूला बंगळुरू बुल्स. मुंबईने तो ३६-३० असा जिंकला. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते, आपला संघ जिंकला एवढेच. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतल्या मराठी घरांचे तसे नव्हते. आपली बोली मुंबईकडची, रेशनकार्ड बंगळुरूकडचे. वडीलधारी मंडळी मुंबईच्या बाजूने आणि कन्नड शाळेत शिकणारी नातवंडे बुल्सच्या बाजूने, असे अनेक घरांत झाले. 'आपला संघ कोणता?' हा प्रश्न त्यानंतर मंडळाच्या बैठकीतही गमतीने निघत असे. त्या हंगामाची माहिती नीट मांडली, तर हा प्रश्नच जरा वेगळा दिसू लागतो.

आधी उपांत्य फेरी पाहू, कारण आपल्या दृष्टीने खरी गंमत तिथे आहे. शेवटच्या चारांत यू मुंबा, बंगळुरू बुल्स, तेलुगू टायटन्स आणि पाटणा पायरेट्स हे संघ होते. मुंबईने पाटण्याला ३५-१८ असे सहज हरवले. बंगळुरूने तेलुगू टायटन्सला ३९-३८ असे, फक्त एका गुणाने. आता १ नोव्हेंबर १९५६ आठवा. जुन्या हैदराबाद संस्थानाचे त्या दिवशी तीन वाटे झाले. तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे चारांतले तीन संघ त्या तीन वाट्यांच्याच नावांचे होते. आपल्यातल्या ज्यांचे नातेवाईक उदगीर-लातूरला, सासुरवाडी झहीराबादला आणि मुलगा बंगळुरूला नोकरीस, त्यांनी कोणासाठी ओरडायचे?

लीग सुरू झाली ती आदल्या वर्षी, २६ जुलै २०१४ ला. पहिलाच सामना यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांचा होता आणि मुंबईने तो ४५-३१ असा जिंकला. पाच आठवड्यांनी, ३१ ऑगस्टला, अंतिम सामन्यात तेच दोन संघ पुन्हा समोर आले. मुंबईतच, घरच्या प्रेक्षकांपुढे, जयपूरने मुंबईला ३५-२४ असे हरवले. कर्णधार अनुप कुमार त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, चढाईत त्याने १५५ गुण मिळवले, पण करंडक जयपूरला गेला. २०१५ चा हंगाम मुंबईसाठी त्या पराभवाची परतफेड होता.

ज्यांनी हुतूतू मातीत खेळला आहे, त्यांना मॅटवरचा हा खेळ पहिल्यांदा परका वाटतो, म्हणून नियमांविषयी थोडे सांगतो. प्रत्येक बाजूला सात खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चढाई तीस सेकंदांची. पूर्वी दम किती टिकतो यावर चढाई चालायची, आता घड्याळही पाहावे लागते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. त्यामुळे नुसते मध्यरेषेजवळ फिरून वेळ काढणाऱ्याची सोय राहिली नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड केली, तर एक गुण जास्त. हरत आलेल्या संघाला यामुळे परत उठता येते आणि पाहणारा टीव्हीसमोरून उठत नाही. संपूर्ण संघ बाद केला की लोणाचे दोन गुण, हे जुनेच. साखळीच्या तक्त्यात त्या काळी विजयाला पाच गुण होते, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तरी एक मिळे.

आता मुंबईचा हिशेब सोपा होतो. त्या साखळीत चौदा सामने. यू मुंबाने बारा जिंकले, दोन हरले. बारा पंचे साठ, आणि तक्त्यात साठच गुण. म्हणजे जे दोन सामने हरले ते सातपेक्षा जास्त फरकाने. हरायचे तेव्हा ते नीट हरले, एरवी कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या क्रमांकाचा संघ बराच मागे होता. आमच्या मते या यशाचे खरे कारण चढाई नव्हते, पकड होते. मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा हे दोन कोपरे सांभाळत. कोपऱ्यातल्या खेळाडूने एकट्याने झेप घेतली तर तो फसतो. दोघांनी एका क्षणी घेतली तर चढाईवाल्याला मध्यरेषा दूर वाटू लागते. जीवा कुमार आणि विशाल माने त्यांच्या जोडीला, आणि त्या वर्षी इराणहून आलेला फजल अत्राचली. चढाईला अनुप कुमार, रिशांक देवाडिगा आणि शब्बीर बापू. अनुपची चढाई ज्यांना आठवते त्यांना ठाऊक आहे, की तो घाई कधीच करत नसे. उभा राहायचा, हसायचा, आणि समोरच्याने पाय पुढे टाकला की बोटाने शिवून परत यायचा.

अंतिम सामन्यात मुंबईने आघाडी घेतली, पण दुसऱ्या डावात बंगळुरूने ती भरून काढली. मनजीत छिल्लर हा बुल्सचा कर्णधार चढाई आणि पकड दोन्ही करणारा होता, आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. शेवटच्या मिनिटांत सामना मुंबईकडे वळवला तो शब्बीर बापूच्या चढायांनी. विजेत्याला एक कोटी रुपये, उपविजेत्याला पन्नास लाख.

इथे थांबून खेळाडूंची गावे पाहा. मुंबईचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. छिल्लर आणि नाडा उत्तरेचे, जीवा कुमार तमिळनाडूचा, शब्बीर बापू केरळचा, फजल इराणचा. मुंबईत वाढलेला म्हणावा असा रिशांक. बंगळुरूचा कर्णधार मनजीत दिल्लीच्या निजामपूरचा, आणि त्यांचा बिनीचा चढाईवाला अजय ठाकूर हिमाचलचा. उलट, त्या हंगामात चढाईत सर्वांत जास्त गुण मिळवणारा काशिलिंग आडके सांगली जिल्ह्याचा, आणि खेळत होता दिल्लीकडून! कर्नाटकच्या किनारपट्टीचा सुकेश हेगडे तेलुगू टायटन्सकडून. ज्यांच्यासाठी आपल्या घरांत वाद झाला, त्या दोन संघांत ना मुंबई पुरती होती ना बंगळुरू.

पैसे देऊन बाहेरचे खेळाडू आणायचे आणि संघाला आपल्या गावाचे नाव द्यायचे, ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, सुपीरियर सरोवराकाठी, हॉटन नावाचे, एके काळी तांब्याच्या खाणींचे असलेले गाव आहे. तिथल्या पोर्टेज लेक्स या संघाने १९०३-०४ मध्ये बर्फावरच्या हॉकीचा हंगाम उघडपणे पगारी खेळाडूंवर खेळला. संघ उभा केला जॉन गिब्सन या दंतवैद्याने, जो स्वतः कॅनडाचा. त्या काळी कॅनडात खेळासाठी पैसे घेणे हा गुन्हाच समजत, घेतले की बंदी. म्हणून तिकडचे उत्तम खेळाडू सीमा ओलांडून या खाणीच्या गावात आले. त्या हंगामात संघाने सव्वीसपैकी चोवीस सामने जिंकले. पाठोपाठ १९०४ मध्ये पूर्णपणे व्यावसायिक अशी पहिली लीग उभी राहिली, आणि तीन हंगामांत, १९०७ मध्ये, बंद पडली. तोवर कॅनडातले संघही उघडपणे पैसे देऊ लागले होते, खेळाडू घरी परतले. हॉटनच्या लोकांनी मात्र त्या परक्या मुलांना आपलेच मानून टाळ्या दिल्या होत्या.

आम्हा बँकेतल्या माणसांना यात नवल वाटत नाही. आमची बदली व्हायची. काल ज्या शाखेच्या ठेवी ओढायला धडपडलो, उद्या तीच शाखा शेजारची आणि प्रतिस्पर्धी. नव्या शाखेचे काम आपले म्हणून करायचे, यात खोटेपणा नसतो. खेळाडूचेही तसेच आहे, फक्त त्याची बदली लिलावात होते.

आणि हा लिलाव का झाला, तो विषय आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. कबड्डीला नियम आपल्याच लोकांनी दिले. १९१८ मध्ये साताऱ्यात हुतूतूच्या नियमांना आकार आला, १९२३ मध्ये बडोद्यात मोठी स्पर्धा झाली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिकडे प्रात्यक्षिके दाखवली. १९९० पासून आशियाई खेळांत कबड्डी आहे आणि तिथे भारताने सुवर्णपदकांची रांग लावली. पण खेळाडूचे पोट भरत होते ते रेल्वे, सैन्यदल, पोलीस, तेल कंपन्या आणि बँका यांच्या नोकरीवर. रिशांक देवाडिगाही आधी देना बँकेत लागला, मग भारत पेट्रोलियममध्ये. खेळाडूंच्या कोट्यातून आलेली मुले आम्ही जवळून पाहिली आहेत. दुपारी सरावाला सोडायचे, स्पर्धेच्या दिवसांत काउंटर दुसऱ्याने सांभाळायचे. गुडघा गेला की मुलगा तिशीतच खातेवही घेऊन बसायचा, आणि खेळात घालवलेली वर्षे बढतीच्या परीक्षेत कोणी मोजत नसे. तरी ती नोकरी मिळणे हेच मोठे भाग्य होते. ज्याला ती मिळाली नाही तो शेतावर परत जायचा.

२० मे २०१४ च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर साठ लाखच खर्च करता येत होते. बारा खेळाडू धरले तर सरासरी पाच लाख, तेही पाच आठवड्यांच्या खेळाला. सर्वांत महाग राकेश कुमार, पाटण्याने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतले. २०१८ पर्यंत ही मर्यादा चार कोटींवर गेली. त्या वर्षी यू मुंबाने चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना घेतला. चंदगड म्हणजे बेळगावला लागून, आपल्यासारखाच सीमेवरचा मुलूख. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाख दिले. सीमेवरचा मराठी मुलगा, पैसा तेलुगू संघाचा. याबद्दल चंदगडमध्ये कोणी वाईट वाटून घेतले असेल, असे आम्हाला वाटत नाही.

या पैशाची दुसरी बाजूही आहे. तो वरच्या मोजक्या मुलांनाच मिळतो आणि हंगामापुरताच. ज्या पालकांचा मुलगा चांगली पकड करतो, त्यांनी लिलावाचे आकडे पाहून कॉलेज सोडवू नये. नोकरीचा कोटा अजून आहे, पदवीसकट त्याचा उपयोग जास्त होतो. हे आमचे मत, कोणाला पटो न पटो.

यू मुंबाचा तो संघ फार टिकला नाही. तिसऱ्या हंगामात, ५ मार्च २०१६ ला, ते पुन्हा अंतिम सामन्यात पोचले आणि पाटण्याकडून ३१-२८ असे हरले. मग आली बदल्यांची वेळ. ज्या मोहित छिल्लरने २०१५ ला बंगळुरूच्या चढाया अडवल्या, त्याला २०१६ च्या चौथ्या हंगामात बंगळुरूनेच ५३ लाखांना घेतले. सुरेंदर नाडाही तिकडेच गेला. बंगळुरूचा मनजीत छिल्लर तर तिसऱ्या हंगामापासूनच पुण्याकडून खेळत होता. अंतिम सामन्याच्या रात्री मुंबईसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांचे दोन्ही कोपरे आता बुल्सचे होते, आणि बुल्सचा नायक मराठी शहराच्या नावाने खेळत होता. अनुप कुमार मात्र मुंबईतच राहिला. त्याच वर्षी अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या नेतृत्वाखाली भारताने इराणला ३८-२९ असे हरवले, आणि इराणकडून खेळत होता फजल अत्राचली.

बंगळुरू बुल्सला करंडक मिळाला तो ५ जानेवारी २०१९ ला, आणि तोही मुंबईत. पुणेरी पलटणला त्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले. १ मार्चला हैदराबादला गचिबोवलीच्या स्टेडियमवर पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. कर्णधार अस्लम इनामदार तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचा, मुख्य प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकचे. गाव हैदराबाद, म्हणजे बीदरपासून दीडशे किलोमीटरच्या आत. लीगचे सामने तिथे असले, की दुपारी निघून सामना पाहून रात्री उशिरा घरी परत येता येते.