व्हायवाच्या दारातली भीती

‘इंग्रजी कच्चं आहे’ हे निदान मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलेल्या मुलांच्या कपाळी गेली पंचवीस वर्षं चिकटलं आहे. औषधही ठरलेलं: ‘फाडफाड इंग्लिश’चा क्लास. मुलगा घाबरलेला आहे, ही गोष्ट मोजणीत यायला फार वेळ लागला.

ती आधी मोजली गेली अमेरिकेत. १९८३च्या उन्हाळ्यात टेक्सास विद्यापीठात परकी भाषा शिकणाऱ्या नवख्या विद्यार्थ्यांसाठी आधारगट काढायचं ठरलं. २२५ जणांना कळवलं, त्यातल्या ७८ जणांनी यायची इच्छा दाखवली. सोय होती पंधरा-पंधराच्या दोनच गटांची. मुलांची तक्रार आपल्याला ओळखीची वाटेल: घरी सगळं येतं, वर्गात उभं केलं की पार कोरं होतं. एलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी पुढं १९८६मध्ये ही भीती मोजणारी ३३ विधानांची पट्टी प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं असं, की हा बुद्धीचा दोष नाही. स्वतःला शहाणं समजणाऱ्या माणसाला परक्या भाषेत अचानक बावळट दिसावं लागतं, आणि ते सोसवत नाही.

आपल्याकडे २०००मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तोवर ते पाचवीपासून असे. मराठीचं काय होणार यावर रान उठलं. इंग्रजी गावातल्या पोरालाही मिळावं हा हेतू मला तेव्हाही रास्त वाटला, आजही वाटतो. पण शाळेतलं इंग्रजी आणि जाडजूड पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. योगायोगानं त्याच वर्षी न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. अशा मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या शब्दांचा असतो.

पहिल्या वर्षातल्या एखाद्या मुलाचं मेकॅनिक्सचं पुस्तक उघडून बघा. ओळींच्या वर पेन्सिलीनं बारीक मराठी अर्थ लिहिलेले दिसतील. टॉर्क, फ्रिक्शन यांच्यावर काही नसतं, ते कळलेलं असतं. पेन्सिल अडते ती अझ्यूम, डिराइव्ह, हेन्स यांच्यापाशी. म्हणजे विषय समजतो, युक्तिवादाचे सांधे समजत नाहीत. मग मुलगा व्याख्या घोकतो. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, घोकलेल्या वाक्यातला तिसरा शब्द निसटतो आणि त्यामागची सगळी रांग कोसळते. ‘मराठीत सांग’ असं म्हणणारा परीक्षक भेटला तर तोच मुलगा हातवारे करत अख्खं यंत्र उलगडून दाखवतो. असे परीक्षक आहेत, पण ते भेटणं नशिबावर. केटी लागली की घरी ‘पेपर अवघड होता’ एवढंच सांगितलं जातं.

या भीतीला जातीची बाजूही आहे. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल २००७मध्ये आला. अध्यक्ष होते सुखदेव थोरात, आपल्याच विदर्भातले. इंग्रजीसाठी जादा मदत मिळत नाही हा मुद्दा त्या अहवालात अपमान आणि एकटेपणा यांच्या शेजारीच मांडला गेला. तो तिथंच शोभतो, असं माझं मत.

२०२१मध्ये एआयसीटीईनं मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंगला परवानगी दिली. पिंपरी चिंचवडच्या एका कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. चांगलंच झालं. मात्र कॅम्पस इंटरव्ह्यू बहुधा इंग्रजीतच, त्यामुळे भीती गेली असं म्हणवत नाही. ती तीन वर्षं पुढं ढकलली गेली.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. नेमणुका होतील, पाट्याही लागतील. पण हा मुलगा त्या पाटीखालून जाणार नाही. त्याच्या लेखी ते ‘डोक्यावर परिणाम झालेल्यांचं’ ऑफिस, आणि शिवाय आत गेल्यावर बोलायचं कोणत्या भाषेत ही धास्ती आहेच. समुपदेशकानं आठवड्यातून एक तास इंग्रजीच्या सरांसोबत लँग्वेज लॅबमध्ये येऊन बसावं, चुका मोठ्यानं करू द्याव्यात, शंका मराठीत विचारू द्याव्यात. याला वेगळा निधी लागत नाही, टाइमटेबलमध्ये एक चौकट लागते.