खिडक्यांचा कारभारी

अनेक शाळांच्या संगणक कक्षात दोन-चार जुने संगणक कापडाखाली झाकलेले असतात. ते बिघडलेले नसतात. फार हळू चालतात म्हणून बाजूला पडलेले असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या कितीतरी संगणकांवर हीच पाळी आली. ते भंगारात देण्यापूर्वी लिनक्सच्या एका गुणाची ओळख करून घेऊ या.

पडद्यावर दिसणाऱ्या चौकटींना आपण खिडक्या म्हणतो. खिडकीच्या आत काय दिसावे हे ज्याची ती खिडकी, तो प्रोग्रॅम ठरवतो. पण खिडकी कोठे उघडावी, कोणती वर यावी, तिला मथळ्याची पट्टी आणि बंद करायची फुली कोणी द्यावी? हे काम विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो. आपण त्याला खिडक्यांचा कारभारी म्हणू.

ही विभागणी आली कोठून? १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ‘एक्स’ ही पद्धती जन्मली. एक्सने पडदा रंगवायचा, कळफलक व माउसच्या खुणा पोचवायच्या. मांडणी मात्र दुसऱ्याने ठरवायची, असे तिचे धोरण होते. म्हणूनच तिथे कारभारी बदलता येतो. वर्गनायक बदलला तरी बाके, फळा आणि मुले तीच राहतात, तसेच हे. कारभारी मध्येच बंद पडला, तर पट्ट्या नाहीशा होतात, पण आतले प्रोग्रॅम चालू राहू शकतात!

मग जड आणि हलका कारभारी यांत फरक कोणता? जीनोमसारख्या मांडणीत प्रत्येक खिडकी आधी स्मृतीत वेगळी रंगवतात आणि मग सावल्यांसह एकत्र जुळवतात. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. प्रत्येकी ४ बाइट धरले, तर पडदाभर पसरलेल्या एका खिडकीला सुमारे ४२ लाख बाइट लागतात. चांगली ग्राफिक्स चिप ही जुळवाजुळव सहज करते. ती नसेल तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. शिवाय पडद्यामागे इतर सेवा चालतात त्या वेगळ्याच.

आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स, जेडब्ल्यूएम हे कारभारी ही जुळवाजुळव करत नाहीत. सावल्या नाहीत, सरकती चित्रे नाहीत. त्यामुळे भारी मांडणी जिथे शेकडो मेगाबाइट स्मृती घेते, तिथे यांचे काम फार थोडक्यात भागते. ही काटकसर नवी नाही. १९९३ साली रॉबर्ट नेशन यांनी एफव्हीडब्ल्यूएम तयार केला, तोही स्मृती वाचवण्यासाठीच.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. कारभारी बदलल्याने इंटरनेटवरची पाने हलकी होत नाहीत. ब्राउझरमध्ये दहा पाने उघडली, की २ गिगाबाइट स्मृतीचा संगणक पुन्हा अडखळणारच. लेखन, तक्ते, पायथनचा सराव यांना मात्र तो पुरेसा ठरतो. तसेच, अलीकडे एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड पद्धतीत रंगवणारा आणि कारभारी एकच असतो. तिथे लॅबडब्ल्यूसीसारखा हलका पर्याय शोधावा लागतो.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. एकाच संगणकावर आइसडब्ल्यूएम बसवून, प्रवेश करतेवेळी एकदा जड मांडणी व एकदा आइसडब्ल्यूएम निवडावी. दोन्ही वेळा संगणक नव्याने सुरू करून ‘फ्री’ ही आज्ञा द्यावी आणि वापरलेल्या स्मृतीचे आकडे वहीत मांडावेत. फरक पुरेसा वाटला, तर कापडाखालचे संगणक बाहेर काढावेत. एका संगणकाभोवती दाटी करणाऱ्या मुलांपैकी आणखी दोघा-चौघांचे हात तरी कळफलकाला लागतील.