पुराचा इशारा आणि लोकांची भाषा

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट मानली जाते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेसाठी हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. आपण या नद्यांच्या काठी राहत असाल, तर स्वतःला विचारून पाहा : नदीने धोका पातळी गाठली, म्हणजे पाणी आपल्या गल्लीत नेमके कोठे असते?

नुसत्या आकड्यावरून हे सांगता येत नाही. ते फूट पुलाच्या मोजपट्टीवरचे असतात, आपल्या उंबऱ्यापासूनचे नव्हेत. धरणाचा विसर्ग तर क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. अभियंत्यासाठी ही परिभाषा अचूक व आवश्यकच आहे. गाव मात्र खुणांनी बोलते : पाणी देवळाच्या पायरीला लागले, पारापर्यंत आले. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते, तेव्हा ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो. चढत्या पाण्याला असे नाव देणाऱ्या समाजाला नदी वाचता येत नाही, असे कोण म्हणेल?

तथापि खूण ही नेहमी मागच्या पुराची असते. २००५ साली पाणी जेथवर आले त्यापुढे ते येणार नाही, या भरवशावर २०१९च्या ऑगस्टमध्ये अनेक कुटुंबे घरातच थांबली. पाणी त्या खुणेच्या वर गेले. गोठ्यातील जनावरे हेही थांबण्याचे मोठे कारण असते. दुभती म्हैस दावणीला ठेवून नावेत बसा, हे सांगणे सोपे आहे. उशिरा निघणाऱ्यांना मग नावा अपुऱ्या पडतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. जनावरांसाठी उंचावरची जागा व चारा आधीच ठरलेला असणे, ही माझ्या मते पूर्वतयारीतील पहिली बाब आहे.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाकडेही लक्ष द्या. एकदा येऊन गेला, आता निर्धास्त, असा अर्थ सामान्य वाचक घेतो. वस्तुतः अशा पुराची शक्यता दरवर्षी एक टक्का असते. एकाच घरात ३० वर्षे राहणाऱ्या कुटुंबासाठी ती सुमारे २६ टक्के होते.

कृती : आपले गाव नदीकाठी असल्यास जवळच्या मोजपट्टीची इशारा व धोका पातळी शोधा. त्या पातळीला गावातील कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या घरांत पाणी शिरते, हे वृद्धांना विचारून लिहा. त्यावरून ग्रामपंचायतीच्या फलकासाठी पाच वाक्यांचा इशारा तयार करा. त्यात ‘क्युसेक’ हा शब्द नसावा.