“उतरली आता!”

आमच्या गोमंतकात लग्नघरी फेणी घेतलेले एखादे मामा लिंबूपाणी पिऊन, तोंडावर गार पाणी मारून मोटारीकडे वळतात व म्हणतात, “उतरली आता!” परंतु रक्तातील मद्याचा निचरा मुख्यतः यकृत करते, तेही आपल्याच संथ गतीने, कॉफी वा स्नान त्यास घाई करू शकत नाही. पेंग जाते, मद्य राहते. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारे १७ मीटर धावते. ब्रेकवर पाय पडण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तरी आठ मीटर रस्ता हातचा गेला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असता वाहन चालविणे १९८८ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि “मी शुद्धीवर आहे” हा निर्वाळा देणारी बुद्धीच मद्याने प्रथम झाकोळते! मुलांनो, अशा वेळी मामांची किल्ली मागून घ्या. रागावतील, सकाळपर्यंत विसरतीलही.