जाळ्याने शिकलेला धीर

२० मार्चला भरदुपारी महाडच्या चवदार तळ्यावरून घरी एक फोटो पाठवून बघा. रेंजच्या काड्या भरलेल्या असतात, पण फोटो हलत नाही, वर्तुळ नुसतं फिरत राहतं. १९२७च्या सत्याग्रहाला अभिवादन करायला माणसं लोटलेली असतात आणि प्रत्येकाला तो क्षण त्याच वेळी घरच्यांना दाखवायचा असतो. काड्या सिग्नलचा जोर सांगतात, टॉवरवर वाटेकरी किती हे सांगत नाहीत.

ही कोंडी पहिल्यांदा ठळकपणे नजरेत भरली ऑक्टोबर १९८६मध्ये. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचं अंतर. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तारा धडधाकट होत्या. पोच वेळेत आली नाही की प्रत्येक संगणक तेच पॅकेट, म्हणजे माहितीचा तोच तुकडा, पुन्हा धाडत होता, आणि रांगेत एकाच पॅकेटच्या नकला साचत होत्या. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये त्यावर उतारा मांडला: बेताने सुरुवात करा, पॅकेट हरवलं की हात आखडता घ्या, मग हळूहळू वेग वाढवा. मधे पोलीस कोणी नाही, मागे सरायचं ते पाठवणाऱ्यानेच. पुढच्याच वर्षी दा-मिंग चिऊ आणि राज जैन यांनी गणिताने दाखवलं की सगळ्यांनी वेग थोडा थोडा वाढवला आणि कोंडी होताच पटीत कमी केला, तर वाटे आपोआप समान होत जातात. पाण्यावरच्या समान हक्कासाठी जिथे माणसांना लढावं लागलं, त्या गावात मला हे गणित कोरडं वाटत नाही.

जैन आणि के. के. रामकृष्णन, दोघेही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. रांग वाढू लागताच पॅकेटवर इशाऱ्याची खूण करावी, ही त्यांची कल्पना. तशी खूण २००१मध्ये इंटरनेटच्या मानकात आली. दरम्यान मेमरी स्वस्त झाली, राउटरमधल्या रांगा लांबल्या. हरवेना काही, पण सगळंच उशिरा पोहोचू लागलं. २०१६मध्ये गूगलने आणलेली 'बीबीआर' पद्धत म्हणूनच पॅकेट हरवण्याची वाट न पाहता वेग आणि विलंब मोजत राहते.

यंत्रं शिकली, आपलं शिकणं राहिलं आहे. २२ जुलै २०२१ला महाड पुरात बुडालं, तालुक्यातल्या तळिये गावात दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. वीज गेली, टॉवर बंद पडले. अशा वेळी जे टॉवर तग धरतात, त्यांच्यावर बाहेरगावच्या नातलगांच्या फोनचा मारा सुरू होतो. २०२३मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेच्या सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या झाल्या. त्यात टॉवर एकच संदेश परिसरातल्या सगळ्या फोनना एकदम देतो, रांगेचा प्रश्नच येत नाही. पण ती सोय फक्त इशारा देण्याची.

तेव्हा पुराच्या दिवशी फोन लागला नाही, तर लगेच पुन्हा लावू नका. 'सुखरूप आहे' एवढा एसएमएस करा आणि थांबा. २० मार्चचे व्हिडिओही रात्री मुक्कामी पोहोचल्यावर पाठवा. गर्दीत चुकलेलं पोर शोधणाऱ्या आईचा फोन आधी लागू द्या.