काचेच्या भिंतींचा स्टुडिओ

चित्रवाणीचा पडदा आपण रोज पाहतो. पण ते चित्र ज्या खोलीत घडते, ती आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला प्रक्षेपण सुरू झाले. असले स्टुडिओ सामान्यतः बिनखिडकीचे. न्यूयॉर्कला मात्र १४ जानेवारी १९५२ पासून एक सकाळचा कार्यक्रम रस्त्यालगतच्या मोठ्या काचेमागून होऊ लागला, आणि येणारे-जाणारे त्या काचेपाशी थबकू लागले. मग असाच आरसपानी मंडप नदीकाठच्या सार्वजनिक बागेत का असू नये?

पहिली अडचण आवाजाची. आवाज मुख्यतः वजनाने अडतो. नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास भरते. एक सेंटिमीटर जाडीची काच अवघी २५. म्हणून दोन काचा लावून मध्ये वीतभर पोकळी ठेवतात. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या घेणे ही नवख्याची चूक. प्रत्येक काच जाडीप्रमाणे एका ठरावीक सुराला थरथरते व तो पलीकडे जाऊ देते. जाडी वेगळी असली, की एकीची उणीव दुसरी भरून काढते. छप्पर तर जडच हवे. माळशेजकडचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना बोलणे कसे होते, हे टोकावडेकरांना मी काय सांगावे!

उजेडाचे कोडे याहून अवघड. दुपारच्या उन्हात बाहेर लाखभर लक्स प्रकाश, आत दिव्यांचा हजार-दीड हजार. निवेदकाचा चेहरा नीट दिसावा, तर मागची नदी पांढरीफटक. नदी दिसावी, तर निवेदक काळाठिक्कर. काचेवर धुरकट पापुद्रा लावला, तर बाहेरच्या लोकांना आतले अंधुक दिसते. म्हणजे ज्यासाठी काच घातली, तेच गेले! रात्री आतल्या दिव्यांची प्रतिबिंबे काचेत उमटतात. त्यावर काच माथ्याकडून किंचित आत झुकवली, की कॅमेऱ्याला दिव्यांऐवजी जमीन दिसते. चोहोबाजूंनी काच ही मला तरी हौसच वाटते. उत्तरेची एक बाजू उघडी ठेवावी. तिकडून ऊन कमी, म्हणून उष्णताही कमी.

उरली नदी, आणि खरा प्रश्न तिचाच. काठची मोकळी जागा पुराला पसरण्यासाठी लागते. महाराष्ट्रात दोन पूररेषा आखतात: निळी २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बाग, मैदान, शेती चालते. पक्के बांधकाम नव्हे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा मुठेने पुण्याच्या पेठांत काय केले, ते ठाऊक आहेच. तेव्हा मंडप निळ्या रेषेबाहेर, खांबांवर, आणि यंत्रसामग्री लाल रेषेच्या पातळीहून उंच. मग नदी शंभर-दोनशे पावले लांब जाईल. जाऊ द्यावी, तेवढे अंतर कॅमेऱ्याचे भिंग जवळ आणते.